लाईट गेली तेव्हाचा तुकडा

तो व्हिडिओ इतका लांब झाला, कारण मला उभं राहायचं नव्हतं.

विहारात त्या दुपारी बायकांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. आईने मला एवढंच सांगितलं होतं, "आमची पार्टी बसली का फोन चालू करजो." पार्टी म्हणजे गाणाऱ्या बायकांचा गट. मी फोन खिडकीच्या कठड्यावर दोन विटांच्या मधे उभा केला, बटण दाबलं आणि बरोबर त्याच्या खाली भिंतीला टेकून बसले. प्रत्येक गाण्यानंतर फोन थांबवायचा आणि पुन्हा चालू करायचा, असं मी ठरवलं होतं. पण बघता बघता विहार भरला, आणि फोन माझ्या डोक्यावर होता. त्याला हात लावायचा तर उठावं लागलं असतं. उठलं की लोक बघतात. बघितलं की कोणीतरी विचारतं, "काय व, तू नाई गात?" मी बसून राहिले. फोन चालू राहिला. सगळी गाणी, मधलं खोकणं, पाण्याचा तांब्या फिरणं, एका बाळाचं रडणं, हे सगळं एकाच सलग फाईलमध्ये जाऊन बसलं.

ती फाईल तशीच पडून होती. मग एक दिवस लोधीखेड्याहून मामाचा फोन आला.

लोधीखेडा आईचं माहेर. आमच्या सौसरहून काही लांब नाही. दर वर्षी जयंतीला आम्ही तिथे जातो. चौकात स्टेज बांधतात, त्यावर भीमगीतं गाणाऱ्या पार्ट्या बसतात, आणि आजवर मी पाहिलेल्या त्या सगळ्या पुरुषांच्या. आई लहान असताना स्टेजच्या मागे बसून कोरस द्यायची. लग्न झाल्यापासून ती खाली सतरंजीवर बसून ऐकते आणि ओठ हलवते. मी तिच्या शेजारी असते, म्हणून मला माहीत आहे. सौसरच्या आमच्या छोट्या विहारात ती पार्टीची पुढारी आहे. माहेरी ती कोणाची तरी बहीण आहे.

मामा म्हणाला की यंदा समितीने बायकांची एक पार्टी घ्यायचं ठरवलं आहे. एकच. बोरगावची, रामाकोन्याची, सगळीकडची नावं येऊन राहिली आहेत. "एक गाणं पाठवजा, वेगळं काढून. पुरा कार्यक्रम नको पाठवजा, तेवढं कोणी पाहत नाई. रविवारी सांजेपर्यंत पाहिजे त्याइले."

आईने फोन ठेवला, कूकरला झाकण लावलं आणि गॅस न पेटवताच शिट्टीची वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुले येते ना व थे तोडाले?"

तोडाले म्हणजे व्हिडिओचे तुकडे करायला. "येतं," मी म्हणाले, आणि माझे हात तिथेच शिवशिवायला लागले.

मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते, सौसरहून बसने जाते-येते. शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ माझ्याकडेच येतात. ते काम मला दुसरं कोणी करू नये असं वाटतं. एक लांबच लांब पट्टी स्क्रीनवर पसरलेली असते. आपण एका जागी थांबतो, कात्रीचं चित्र दाबतो, आणि पट्टीचे दोन भाग होतात. काहीही सांडत नाही. दोन्ही भाग आपापल्या जागी शाबूत असतात आणि चूक झाली तर पुन्हा जोडता येतात. बोलण्यात असं करता येत नाही. बहुतेक म्हणूनच मला ते आवडतं.

रविवारी सकाळी चहा संपायच्या आत काकू येऊन बसल्या. काकू शेजारच्या, आईच्या पार्टीत ढोलकी त्यांची. त्या आईशी, बाबांशी, भाजीवाल्याशी मराठीत बोलतात. माझ्याशी मात्र हिंदीत. मी इंग्लिश मीडियमची म्हणून. लहानपणी टाय लावून शाळेच्या ऑटोत चढताना त्यांनी मला पाहिलं, आणि तेव्हापासून त्या माझ्याशी तहसील कचेरीत साहेबाशी बोलावं तसं बोलतात. मीही हिंदीतच उत्तर देते. इतकी वर्षं झाली आहेत की आता हे बदलायचं कसं, ते दोघींनाही कळत नाही.

"बेटा, इसमें मैं दिखती क्या?" लॅपटॉपकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"दिखती हैं, काकू."

"मोटी दिखती का?"

"थे तं तू अशीच आहे," आई आतून म्हणाली.

मी फाईल उघडली. आईला जरा काहीतरी करून दाखवावं म्हणून मी आधी सोपा रस्ता घेतला. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे: जिथे आवाज थांबतो तिथे ते आपोआप तुकडे करतं आणि मधली मोकळी जागा काढूनही टाकतं. शाळेच्या भाषणांना हे फार छान चालतं. "आता बघ हं," मी आईला म्हणाले. "प्रत्येक गाणं आपोआप वेगळं होईल." बटण दाबलं. निळी रेघ सरकत सरकत टोकाला गेली. आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली.

दोन तुकडे झाले.

"बस, दोइच?" काकू म्हणाल्या.

मला हसू आलं. कारण कळायला वेळ लागला नाही. आईच्या पार्टीची रीतच अशी आहे की थांबायचं नाही. आमच्या विहारात माईक एक आणि पार्ट्या तीन-चार. एक पार्टी श्वास घ्यायला थांबली, की दुसरीची पुढारी "आता आमचा नंबर" म्हणत माईक उचलते आणि मग तो परत येत नाही. म्हणून आईने आपल्या बायकांना असं तयार केलं आहे की पहिल्या गाण्याची शेवटची ओळ चौघी म्हणत असतानाच ती आणि काकू पुढच्या गाण्यात शिरलेल्या असतात. ढोलकी तर बंद होतच नाही. बाकीच्या पार्ट्या यावरून टोमणे मारतात, पण माईक आईकडेच राहतो.

"तुम्ही थांबतच नाही," मी म्हणाले. "ते मशीन कुठे कापणार?"

"थांबलो तं माईक जाते," आई म्हणाली. ती हे मशीनलाच समजावून सांगत होती, असं मला वाटलं.

मग हाताने कापायला बसले, आणि खरी मजा तिथून सुरू झाली. पट्टीच्या खाली आवाजाची रेघ असते; जोरात आवाज असेल तिथे ती फुगते, हळू असेल तिथे बारीक होते. आईच्या कार्यक्रमाची रेघ सगळीकडे फुगलेलीच होती. पण थोडा वेळ बघत राहिल्यावर मला त्यात एक गोष्ट दिसली. नवं गाणं सुरू व्हायच्या आधी दर वेळी दोन उंच काड्या आणि त्यांच्यानंतर बारीक दातऱ्यांसारखं काहीतरी येत होतं. मी ते वाजवून बघितलं. काकू ढोलकीवर दोन थापा देऊन बोटं घोळवत होत्या.

"काकू, ये क्या है?"

"ये मैं तेरी माँ को बोलती, अब पलट." त्यांनी मांडीवर तसंच वाजवून दाखवलं. "बोलके नहीं बोल सकते ना. माईक सामने रहता."

मला इतका आनंद झाला की मी त्या दोघींना सोडून पट्टीवर पुढे धावले. दोन काड्या, दातऱ्या, कात्री. दोन काड्या, दातऱ्या, कात्री. आता मला ऐकावंही लागत नव्हतं, नुसतं बघून गाणी वेगळी होत होती. आई खाली बसली. मी एक तुकडा वाजवला की त्या दोघी मिळून सांगायच्या की हे कोणतं गाणं, आणि मी त्याला नाव द्यायचे. मधे मधे भांडणंही झाली. आईचं म्हणणं, पहिलं गाणं अजून संपलेलं नाही आणि मी कापलं. काकूंचं म्हणणं, दुसरं आधीच सुरू झालं होतं.

"मग गाणं संपतं तरी कुठे?" मी विचारलं.

"गाना कहाँ खतम होता, बेटा," काकू म्हणाल्या. "हम थक जाते."

शेवटी प्रत्येक तुकड्याला मागच्या गाण्याची शेपटी लागलेली राहिली. तिचा आवाज मी हळूहळू कमी करत नेला, म्हणजे ती फार टोचणार नाही. पार्टीचं सगळ्यात वेगवान गाणं आम्ही निवडलं. आईने ते पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि शेवटी तिनेच बोट ठेवून ते मामाने नंबर दिलेल्या समितीच्या सरांना पाठवलं. पाठवल्यावर ती उगाचच बाहेर जाऊन रस्त्याकडे बघून आली.

जेवणं होईपर्यंत उत्तर आलं. सरांनी बोलूनच पाठवलं होतं. मी फोन मधे ठेवला.

"ताई, जयभीम. गाणं जोरदार आहे. पण आवाज फाटून राहिला. भोंग्यात बोल समजतच नाई. दुसरं असन तं सांजेपर्यंत पाठवा. बाकीच्या पार्ट्याइचे आले."

भोंग्याचा दोष होता. विहारातला स्पीकर जुना, आणि सहा जणी एका माईकमध्ये. वर पंख्यांची घरघर. मी एकेक तुकडा उघडून बघितला; सगळे असेच फाटलेले. आवाज कमी केला तरी फाटलेला तो फाटलेलाच, फक्त हळू.

"राहू दे," आई म्हणाली. "माहेर काई पळून नाई जात." आणि ती ताटं गोळा करायला लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ताटं ती नेहमीपेक्षा हळू ठेवत होती.

काकूंना तिच्याकडे बघवलं नाही. त्या उठायला लागल्या आणि उठता उठता आईला म्हणाल्या, "अन् तुह्यं पाटीचं गाणं कुठी गेलं व? थे तं आलंच नाई."

पाटीचं गाणं आईने स्वतः रचलं आहे. एक मुलगी कापूस वेचता वेचता आपल्या आईला म्हणते, मले पाटी दे, शाळेत न्यायची. आई म्हणते, आधी ओटा भर. ओटा म्हणजे कापूस घेण्यासाठी कमरेला बांधलेली लुगड्याची खोळ. मुलगी ओटा भरते आणि पुन्हा मागते. "मले पाटी दे व माय, मले पाटी दे," एवढंच ध्रुवपद. हे गाणं कुठल्याही कॅसेटमध्ये नाही, म्हणून इतर पार्ट्यांना येत नाही. मी सगळ्या तुकड्यांची नावं बघितली. ते खरंच नव्हतं.

"त्या दिवशी म्हटलंच नाही का?"

"म्हटलं ना. लाईट गेली होती तवा." आईने मागे न वळता सांगितलं. "माईक बंद होता. थे काय येणार त्याच्यात?"

मी लॅपटॉपसमोर गेले तेव्हा माझे कान गरम झाले होते. सकाळी सॉफ्टवेअरने दोन तुकडे केले होते. म्हणजे एका जागी त्याला आवाज थांबलेला वाटला होता. आणि ती मोकळी जागा त्याने आपल्या समजुतीने काढून टाकली होती, आणि मी पुढे त्याच दोन तुकड्यांवर काम करत बसले होते.

मूळ फाईल मी पुन्हा उघडली. मधोमध रेघ एकदम बारीक झाली होती, जवळजवळ सपाट. भोंग्याच्या मानाने तिथे खरंच काही नव्हतं. मी तिथे गेले आणि आवाज वाढवला.

आधी खट्. मग लोकांचं "गेली, गेली." पंखे हळूहळू थांबल्याचं ऐकू येतं. आणि ढोलकी तशीच चालू. लाईट गेल्यावरही त्या थांबल्या नव्हत्या. मग आईचा आवाज आला, भोंग्यातला नाही, तिचा. स्वयंपाकघरात येतो तसा. मागून बाकीच्या चौघींचा, प्रत्येकीचा वेगळा ओळखू येणारा. दारातून उन्हाचा पट्टा त्यांच्या पांढऱ्या पदरांवर पडला होता. एकेक शब्द कळत होता. काकू बसल्या जागी ताठ झाल्या. आई ताट हातात घेऊनच आली.

आणि त्या सगळ्यांच्या पुढे, फोनच्या अगदी जवळ, आणखी एक आवाज होता. पातळ, जरा घाबरलेला, पण सुरात.

"हा कोणाचा आवाज व?" आईने विचारलं.

मला कळलं होतं. खिडकीखाली कोण बसलं होतं ते मलाच माहीत होतं. त्या दिवशी पंखे बंद झाल्यावर, अर्धवट अंधारात, मी हळूच म्हणत होते. कोणाला ऐकू जात नाही अशा खात्रीने. फोन माझ्या डोक्यावर होता, हे मी विसरले होते.

मी थांबवायला हात पुढे केला, तर काकूंनी तो बाजूला सारला.

"राहू दे न व," त्या म्हणाल्या. मराठीत. मग आईकडे वळून, "हे तं आपल्यासारखंच म्हणते व. मले पाटी दे म्हणते. अन् मी इतके वर्सं हिच्याशी हिंदी बोलून राहिली."

आईने ताट खाली ठेवलं आणि गाणं पूर्ण होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

"मी माझा आवाज काढून टाकते," मी म्हणाले आणि कामाला लागले. पण तसं होत नाही. कात्री फक्त उभी चालते. या क्षणापासून त्या क्षणापर्यंत कापता येतं. एकाच क्षणातल्या दोन आवाजांमधून कापता येत नाही. आईचा आवाज वाढवला की माझाही वाढायचा. माझा कमी केला की आई दूर जायची. मी सगळं करून बघितलं. शेवटी मी हात मांडीवर ठेवले आणि आईकडे बघितलं.

मला वाटलं होतं, ती म्हणेल, पाठव. मग मला नाही तरी म्हणता आलं असतं.

"तुही मर्जी," ती म्हणाली. "तुले नाई आवडत तं नको." आणि खरंच ताटं घासायला गेली.

लोधीखेड्याला आई दर वर्षी सतरंजीवर बसून ओठ हलवते. आवाज काढत नाही. मी तिच्या शेजारी बसून हेच इतकी वर्षं बघत आले आहे, आणि मला वाटायचं, आम्हा दोघींमध्ये लाजाळू मी आहे.

मी कापायला घेतलं. सुरुवात सापडायला काहीच त्रास झाला नाही: "गेली, गेली" नंतर काकूंच्या दोन थापा, तिथे. शेवटही स्वच्छ मिळाला. लाईट येते, माईक शिट्टी मारतो, सगळे "आली" म्हणतात. त्याच्या एक श्वास आधी. सबंध कार्यक्रमात हा एकच तुकडा असा होता की ज्याला कोणाची शेपटी नव्हती. आवाज वाढवला, आईचा आणि माझा. फाईल तयार होताना टक्के पुढे सरकत होते आणि काकू ते मोठ्याने वाचत होत्या. तयार झाली. दारातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. मी आईला हाक मारली नाही, पाठवून दिलं, आणि मग हाक मारली.

"आई, पाठवलं."

नळ बंद झाला.

उत्तर आलं तेव्हा आम्ही तिघी दारात बसलो होतो, फोन मधे पायरीवर. सर म्हणाले, "ताई, हे बरोबर आहे. बोल न बोल समजून राहिला. या तुम्ही. अन् थे पुढं जे पोरगी म्हणून राहिली ना, तिले मंधात बसवजा. आवाज मस्त आहे."

काकूंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की ती ढोलकीला मारायची असावी. आईने लगेच मामाला फोन लावला. "येऊन राहिलो आम्ही," एवढंच म्हणून ठेवून दिला. मग आत गेली, कपाट उघडलं आणि निळ्या काठाची पांढरी साडी काढून पलंगावर पसरली. जयंतीला अजून वेळ होता. थोड्या वेळाने तिने दुसरी एक काढली आणि तिच्या शेजारी ठेवली. तिच्यातलं ब्लाऊज माझ्या मापाचं नव्हतं, म्हणून मी सुईदोरा शोधायला गेले.

जयंतीच्या दिवशी लोधीखेड्याला फोन कोणी धरायचा, हा प्रश्न आला, कारण फोन धरणारी आता स्टेजवर बसणार होती. मी तो मांडवाच्या बांबूला रबर लावून बांधला, बटण दाबलं आणि सगळ्यांच्या समोरून चालत स्टेजच्या पायऱ्या चढले. मला पळावंसं वाटत होतं, पण पुढच्या दिशेने. सूत्रसंचालन करणाऱ्या दादांनी आईला आधीच बजावलं होतं, "माय, दर गाण्यानंतर थांबा, मले मधात बोलाचं आहे." आईने मान डोलावली. पहिल्या गाण्याची शेवटची ओळ आली. माझ्या डाव्या कानाजवळ दोन थापा पडल्या, बोटं घोळली, आणि आई पुढच्या गाण्यात शिरली. दादा माईक तोंडाशी धरून उभेच राहिले. पाटीचं गाणं आलं तेव्हा मामा खाली सतरंजीवर, आई दर वर्षी बसते त्या जागी होता. त्याचे ओठ हलत होते.

त्या दिवसाची फाईल पहिल्यापेक्षाही लांब आहे. लॅपटॉपवर आहे, उघडून बघते, रेघ सगळीकडे फुगलेली आहे, काकूंच्या काड्या नि दातऱ्या जिथल्या तिथे आहेत. हात शिवशिवतात. अजून मी तिला कात्री लावलेली नाही.

काकू कधी दारातून जाताना विचारतात, "तोडलं का व, पोरी?"

"नाई तोडलं, काकू," मी म्हणते.